वाऱ्याचा जमाखर्च

कचेरीतील जुना प्रिंटर बंद पडतो तेव्हा बिघाड बहुधा शाईच्या नळीत, एखाद्या तुटलेल्या प्लॅस्टिकच्या दात्यात किंवा आतील इलेक्ट्रॉनिक पाटीवर झालेला असतो. कागद पुढे सरकविणारी मोटार मात्र अगदी शाबूत असते, आणि तरीही दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीला भिडतो म्हणून ते सबंध यंत्रच किलोच्या भावाने भंगारात जाते. ही मोटार, बंद पडलेल्या संगणकाच्या वीजपेटीतील काही डायोड, ड्रेनेजच्या पाइपाचा एक हातभर तुकडा आणि एखादी जुनी बॅटरी एवढ्या साहित्यावर, थोडेसे हस्तकौशल्य अंगी असलेल्या कोणालाही वाऱ्यावर वीज निर्माण करणारी छोटी चक्की उभारता येते. ती कशी उभारावी याची कृती सांगणे हा या लेखाचा एक भाग आहे. परंतु त्याहून अधिक निकडीचे मला वाटते ते हे की, करवत हातात घेण्यापूर्वी वाऱ्याचा जमाखर्च नीट समजून घ्यावा, कारण अशा चक्क्या निराशा पदरी घालतात त्या बहुतकरून कारागिरीच्या दोषाने नव्हे, तर हिशेब न केल्यामुळे.

या उद्योगाची परंपरा मोठी आदरणीय आहे. १८८७ साली स्कॉटलंडमधील मेरीकर्क या गावी प्राध्यापक जेम्स ब्लाइथ यांनी आपल्या सुटीतील घराच्या बागेत कापडी शिडांची चक्की उभारली, तिच्यावर संचायक घट भरले आणि घरात विजेचे दिवे लावले. त्याच सुमारास अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे चार्ल्स ब्रश यांनी १७ मीटर व्यासाचे, १४४ लाकडी पात्यांचे प्रचंड चाक बांधले. त्याच्यापासून मिळणारी शक्ती मात्र १२ किलोवॅटच होती, आणि एवढ्या मोठ्या चाकातून एवढीच शक्ती का, या प्रश्नाचे उत्तर पुढे हिशेबात येईलच.

परंतु भंगारातून उभारलेल्या चक्कीचा अव्वल दाखला द्यावयाचा तर तो मलावी या आफ्रिकी देशातील विल्यम कामक्वांबा याचाच दिला पाहिजे. २००१-०२ च्या दुष्काळात शेतकरी बापाला शुल्क भरणे अशक्य झाल्यामुळे या मुलाची शाळा सुटली. तेव्हा गावातील प्राथमिक शाळेच्या लहानशा ग्रंथालयात जाऊन तो पुस्तके चाळू लागला, आणि इंग्रजी पुरतेसे येत नसताना ‘युझिंग एनर्जी’ नावाच्या एका पाठ्यपुस्तकातील चित्रे व आकृत्या यांच्या आधाराने पवनचक्कीचे तत्त्व त्याने हस्तगत केले. ट्रॅक्टरचा टाकाऊ पंखा, वाहनाच्या शॉक ॲब्सॉर्बरमधून काढलेला दांडा, मोडकी सायकल, तिचा डायनॅमो आणि आगीवर धरून सपाट केलेली प्लॅस्टिकच्या पाइपाची पाती एवढ्या सामग्रीवर त्याने २००२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, निलगिरीच्या लाकडांच्या मनोऱ्यावर चक्की चढविली आणि घरात दिवा लावला. त्याच्या चिकाटीची प्रशंसा सर्वांनी केली आहे व ती यथार्थच आहे. तथापि मला त्याहूनही विशेष वाटते ती त्याची यांत्रिक समज. सायकलचा डायनॅमो चांगला प्रकाश देण्यासाठी फार वेगाने फिरावा लागतो आणि वाऱ्याने फिरणारे चाक तर त्या मानाने मंद. म्हणून त्याने पंखा थेट डायनॅमोला न जोडता सायकलच्या पायडलाकडील दातेरी चक्राला जोडला, त्या चक्राने साखळीवाटे मागचे चाक फिरविले, आणि त्या मोठ्या चाकाच्या कडेला डायनॅमोची इवलीशी चकती टेकविली. मंद फेऱ्यांच्या वेगवान फेऱ्या करणे हा या विद्येतील मध्यवर्ती प्रश्न आहे, आणि तो त्या मुलाने पहिल्याच खेपेला अचूक ओळखला होता.

आता जमेची बाजू पाहू. हवा वजनहीन भासते, पण समुद्रसपाटीच्या आसपास एक घनमीटर हवा सुमारे १.२ किलोग्रॅम भरते, आणि हे वस्तुमान गतिमान असते म्हणूनच वाऱ्यात ऊर्जा असते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर प्रत्येक किलो हवेतील गतिज ऊर्जा वर्गाच्या प्रमाणात म्हणजे चौपट होते, आणि शिवाय दर सेकंदाला चाकातून जाणारी हवाही दुप्पट होते. म्हणून एकंदर शक्ती आठपट होते. एक मीटर व्यासाचे चाक घेतले तर त्याच्या पाऊण चौरस मीटरच्या घेरातून सेकंदाला ३ मीटर वेगाच्या झुळुकीबरोबर सुमारे १३ वॅट, ५ मीटरच्या वाऱ्याबरोबर सुमारे ५९ वॅट आणि १० मीटरच्या जोरदार वाऱ्याबरोबर सुमारे ४७० वॅट शक्ती वाहून जाते. या घनाच्या नियमातून एक उपसिद्धांत निघतो, तो सहसा कोणी ध्यानात घेत नाही. एका ठिकाणी वारा अखंड ४ मीटरने वाहतो आणि दुसऱ्या ठिकाणी निम्मा वेळ २ मीटरने व निम्मा वेळ ६ मीटरने वाहतो, असे मानू. दोन्हींची सरासरी एकच. पण वरच्या नियमाने पाहिले तर दुसऱ्या ठिकाणच्या वाऱ्यात पहिल्याच्या पावणेदोन पट ऊर्जा भरते. सबब, केवळ सरासरी वेगाच्या आकड्यावर विसंबून जागेची निवड करू नये. वारा केव्हा आणि कसा उसळतो याची माहिती त्याहून मोलाची असते.

खर्चाची बाजू मात्र कठोर आहे. वाऱ्यातील सर्व ऊर्जा काढून घ्यावयाची तर चाकामागची हवा जागीच थांबली पाहिजे, आणि ती थांबली तर पाठीमागून येणाऱ्या हवेला वाट कोठून मिळणार? म्हणून काही वेग शिल्लक ठेवूनच हवेला सोडून द्यावे लागते. आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या प्रारंभी हा हिशेब मांडला, आणि कोणत्याही चाकाला वाऱ्यातील ऊर्जेच्या २७ भागांपैकी १६ भागांपेक्षा, म्हणजे सुमारे ५९ टक्क्यांपेक्षा, अधिक वसूल करता येणार नाही असे सिद्ध केले. ही मर्यादा कोट्यवधी रुपयांच्या यंत्रालाही लागू आहे. घरी कापलेल्या पात्यांनी वाऱ्यातील ऊर्जेचा चौथा हिस्सा हाती आला तरी कामगिरी उत्तम म्हणावी. म्हणजे ५ मीटरच्या वाऱ्यातील ५९ वॅटपैकी १५ वॅट आसापर्यंत पोहोचले, त्यांपैकी निम्मे मोटारीतील रोध, घर्षण व उष्णता यांत गेले, आणखी एखाद-दुसरा वॅट डायोडांनी घेतला, आणि बॅटरीच्या दाराशी पाच-सहा वॅट रुजू झाले. एक एल.ई.डी. दिवा चालेल किंवा एक मोबाइल फोन सावकाश चार्ज होईल, एवढीच ही रक्कम आहे. मिक्सर, इस्त्री किंवा फ्रिज चालविण्याची तजवीज अशा चक्कीकडून होणे नाही, आणि तसे आश्वासन जो देतो तो घनाचा नियम विसरलेला असतो. मात्र रात्रभर तेवणारा पाच वॅटचा दिवा ही ज्या शेतावरील खोपटात वीज पोहोचलेलीच नाही तेथे लहान गोष्ट नव्हे.

मोटारीची निवड हा या कामाचा गाभा आहे. तारेचे वेटोळे आणि चुंबक यांच्यात सापेक्ष हालचाल झाली की वेटोळ्यात विद्युत्-दाब उत्पन्न होतो, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिले. तेव्हापासून मोटार आणि जनित्र ही तत्त्वतः एकाच यंत्राची दोन रूपे ठरली आहेत. परंतु व्यवहारात प्रत्येक मोटार जनित्र म्हणून उपयोगी पडत नाही. समजा, २४ व्होल्टवर मिनिटाला ४८०० फेरे घेणारी एक साधी दिष्ट-प्रवाहाची मोटार हाती आली. उलट बाजूने फिरविल्यास तिचा दाबही फेऱ्यांच्याच प्रमाणात येणार, म्हणजे ४०० फेऱ्यांना केवळ २ व्होल्ट, आणि तेवढ्याने १२ व्होल्टची बॅटरी तर सोडाच, फोनही चार्ज होणार नाही. संगणकातील थंडाव्याचे छोटे पंखे पाहून अनेकांना वाटते की पाती तयारच आहेत, आता नुसत्या तारा जोडावयाच्या. पण त्या पंख्यांच्या तारा आणि वेटोळी यांच्यामध्ये एक इलेक्ट्रॉनिक मंडल बसविलेले असते, त्यामुळे पंखा कितीही फिरविला तरी तारांवर काही उमटत नाही.

या सर्वांत मानाचे स्थान द्यावे असे भंगारातील रत्न म्हणजे स्टेपर मोटार. प्रिंटर, जुने फॅक्स व फोटोकॉपी यंत्र यांत कागद नेमक्या मापाने सरकविण्यासाठी ती वापरलेली असते. तिच्या चांगल्या जातीत फिरणाऱ्या भागावर ५० बारीक दाते असतात आणि एका फेऱ्याचे २०० टप्पे पडतात. जनित्र म्हणून फिरविल्यास एका फेऱ्यात विद्युत्-दाबाची ५० आवर्तने होतात. सेकंदाला ८ फेरे, तर ४०० आवर्तने. गिअर, पट्टा, साखळी यांपैकी काहीही मध्ये न घालता मंद गतीलाही ती पुरेसा दाब देते याचे रहस्य या दात्यांत आहे.

तिची परीक्षा बोटांनी होते, आणि विद्यार्थ्यांना विद्युत्-शास्त्र शिकविण्यासाठी याहून सुंदर प्रयोग मला ठाऊक नाही. मोटारीतून चार तारा बाहेर आलेल्या असतील तर त्यांची टोके प्रथम सुटी ठेवून आस दोन बोटांनी फिरवावा. बारीक बारीक खाचांतून सरकल्यासारखा तो किंचित अडखळत फिरतो. मग त्यांतील कोणत्याही दोन तारांची उघडी टोके एकमेकींना पिळून पुन्हा फिरवावा. जोडी चुकीची असेल तर काहीच फरक जाणवत नाही. परंतु दोन्ही टोके एकाच वेटोळ्याची असतील तर आस तत्क्षणी जड होतो, जणू आत कोणी तो धरून ठेवला आहे. मंडल पूर्ण झाल्यामुळे प्रवाह वाहू लागला आणि त्याने आपल्याला जन्म देणाऱ्या गतीलाच विरोध केला, असा याचा अर्थ. हाइन्रिख लेन्झ यांनी १८३४ साली सांगितलेला नियम तो हाच. वीज फुकट मिळत नाही, तिची किंमत आसावर मोजावी लागते, हे सत्य पुस्तकात वाचणे आणि बोटांच्या पेरांना जाणवणे यांत फार अंतर आहे. अशा रीतीने दोन जोड्या निश्चित झाल्या की एका जोडीला तांबडा एल.ई.डी. जोडून आसाला जोराने पीळ द्यावा. तो लखकन उजळतो. जी मोटार ही परीक्षा उतरेल ती घ्यावी. पुण्याचा जुना बाजार असो वा मुंबईचा लॅमिंग्टन रोड, अशा मोटारी अद्याप सहज मिळतात.

पाती किती असावीत याचा निर्णयही मोटारच करते. शेताच्या विहिरीवर पाणी उपसणाऱ्या जुन्या चक्क्यांना पुष्कळ पाती असत, कारण त्यांना जोर हवा होता, वेग नव्हे. पात्याचे टोक वाऱ्याच्याच वेगाने फिरले तरी त्यांचे काम भागे. एक मीटरचे असे चाक ५ मीटरच्या वाऱ्यात मिनिटाला शंभराच्या आतच फेरे घेईल. उलट तीन अरुंद पात्यांचे चाक नीट कापलेले असेल, तर त्याची टोके वाऱ्याच्या पाचपट वेगाने धावू शकतात आणि तेच चाक पावणेपाचशेच्या आसपास फेरे घेते. विजेसाठी म्हणूनच तीन.

ही पाती ड्रेनेजच्या ११० मिलिमीटर पाइपातून उत्तम निघतात. अर्धा मीटर लांबीचा तुकडा उभा चिरून त्याचे चार सारखे भाग करावेत. तीन भागांची तीन पाती होतात आणि चौथा, मोडतोडीच्या प्रसंगासाठी, राखून ठेवावा. प्रत्येक भागावर मुळाशी रुंद आणि टोकाकडे निमुळती होत जाणारी आकृती आखून करवतीने कापावी. पाइपाला आयतीच पन्हळ असल्यामुळे पात्याला हवा तो बाक मिळतो. इतकेच नव्हे, तर निमुळत्या कापामुळे थोडासा पीळही येतो, आणि तो आवश्यकच असतो, कारण टोक वाऱ्याच्या पाचपट वेगाने धावत असता मुळाजवळचा भाग जेमतेम वाऱ्याइतकाच वेगवान असतो, त्यामुळे दोन्ही ठिकाणी हवा निरनिराळ्या कोनांतून येऊन भिडते. हवेला प्रथम कापणारी कड कानशीने गोल करावी व मागची कड घासून पातळ करावी. या घासण्याला संध्याकाळ खर्ची पडली तरी हरकत नाही. घाईने कापलेली आणि मनापासून घासलेली पाती यांच्या उत्पन्नात जो फरक पडतो तो दुसऱ्या कोणत्याही सुधारणेने भरून निघत नाही. शेवटी तिन्ही पाती काट्यावर तोलून वजने तंतोतंत जुळवावीत. शंभर ग्रॅमचे पाते मिनिटाला ५०० फेरे घेत असताना आपल्या बुडाशी सुमारे साडेपाच किलो वजनाइतक्या जोराने ओढ घेते, आणि फेरे हजारावर गेले की ही ओढ चौपट, म्हणजे बावीस किलोंवर जाते. यासाठी मधली चकती धातूचीच असावी, स्क्रूऐवजी आरपार नटबोल्ट वापरावेत, आणि चाक फिरत असताना त्याच्या पातळीत कोणीही, विशेषतः मुलांनी, उभे राहू नये.

मोटारीतून येणारा प्रवाह प्रत्यावर्ती असतो. बॅटरीसाठी तो एकदिश करावा लागतो. दोन वेटोळ्यांना चार-चार डायोडांचा एकेक ब्रिज लावून दोन्हींची दिष्ट टोके एकत्र जोडावीत. साधा सिलिकॉन डायोड सुमारे ०.७ व्होल्ट स्वतःकडे ठेवतो, आणि ब्रिजमध्ये प्रवाह एका वेळी दोन डायोडांतून जातो, तेव्हा १.४ व्होल्टची ही कपात मंद वाऱ्यात फार जाचक होते. शॉटकी जातीचे डायोड त्याच्या निम्म्यावर काम भागवितात, आणि ते जुन्या संगणकाच्या वीजपेटीत मुबलक असतात. मात्र ती पेटी उघडताना अत्यंत सावधगिरी बाळगावी: तिच्यातील मोठ्या कपॅसिटरांवर सव्वातीनशे व्होल्टचा दाब असतो व पेटी बंद केल्यानंतरही तो काही काळ टिकतो. ज्याला तो सुरक्षितपणे उतरविता येत नाही त्याने बाजारातून आठ नवे डायोड विकत घ्यावेत. त्यांची किंमत नगण्य आहे. बॅटरीही प्रारंभी यू.पी.एस.मधील शिसे-आम्लाचीच घ्यावी. लॅपटॉपमधील लिथियम घट मर्यादेबाहेर चार्ज झाले तर पेट घेतात, आणि नवशिक्याच्या प्रयोगाला ती जोखीम शोभत नाही.

येथे सूर्यपट आणि पवनचक्की यांच्यातील एक महत्त्वाचा भेद सांगितला पाहिजे. बॅटरी भरली की सूर्यपटाची तार सोडून दिली तरी चालते. तो उन्हात स्वस्थ पडून राहतो. चक्कीची तार सोडली तर तिच्यावरील विद्युत्-भार नाहीसा होतो, आस हलका होतो, आणि जोराच्या वाऱ्यात चाक बेभान होऊन स्वतःला मोडून घेते. म्हणून भरलेल्या बॅटरीची जादा वीज एखाद्या रोधकात किंवा जुन्या मोटारगाडीच्या दिव्यात जिरविण्याचा बंदोबस्त अगोदरच करावा. आणि चाक थांबवावयाचे असेल तेव्हा तार तोडावयाची नसते, जोडावयाची असते: बॅटरी वेगळी करून त्याच क्षणी मोटारीच्या प्रत्येक वेटोळ्याची दोन टोके एकमेकींना मिळविली की बोटांना जाणवलेला तोच जडपणा ब्रेक म्हणून कामाला येतो. वाऱ्याचा जोर भर असताना तो पुरेलच असे नाही. तेव्हा वारा वाढण्यापूर्वीच तो लावावा.

चक्कीला वाऱ्यासमोर धरणारे शेपूट, तिला खांबावर फिरू देणारे बेअरिंग, तारेला पीळ पडू नये म्हणून ठेवावयाची ढील यांचा तपशील कोणताही कुशल फिटर तासाभरात समजावून देईल. जागेचे मात्र तसे नाही. घरे, झाडे, पाण्याच्या टाक्या यांच्यामागे हवेत भोवरे उठतात, आणि अशा हवेत चाक सतत तोंड फिरवीत राहते, उत्पन्न मात्र देत नाही. शंभर मीटरच्या परिसरातील सर्वांत उंच वस्तूच्याही नऊ-दहा मीटर वर चक्की असावी असा जो संकेत आहे, तो शहरातील गच्चीवर पाळणे जवळजवळ अशक्यच. म्हणून दाट वस्तीतील हौशी माणसाने ती शिकण्यासाठी जरूर करावी, पण विजेसाठी सूर्यपटच घ्यावा. भिंतीला तर ती कधीच जखडू नये, कारण तिची थरथर सबंध घरात घुमते. साताऱ्याजवळ चाळकेवाडी व वनकुसवडे यांच्या उघड्या पठारावर मोठ्या पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत त्या वाऱ्याचा हिशेब पाहूनच. तसा उघडा माळ, कोकणातील सडा किंवा समुद्राकडे तोंड असलेली टेकडी ज्यांच्या वाट्याला आली आहे, त्यांच्यासाठी ही चक्की खरोखर उपयुक्त आहे, आणि तीही नेमक्या त्या महिन्यांत जेव्हा आकाश झाकोळलेले असते व सूर्यपट अर्धपोटी राहतो. कारण आपल्याकडे वाऱ्याचा मुख्य हंगाम जून ते सप्टेंबर, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा. एकाच बॅटरीवर दोघांची जोडणी केली तर वर्षाचा जमाखर्च पुष्कळसा जुळतो.

ज्यांना हे काम करावयाचे आहे त्यांनी ते हिवाळ्यात, वारा शांत असताना, हाती घ्यावे; पाती सावकाश घासावीत, खांब व त्याचे ताण मार्चपर्यंत पक्के करावेत आणि चक्की वर चढवावी. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या वावटळी पूर्वसूचना न देता येतात, तेव्हा जवळ कोणी नसेल त्या वेळी ब्रेकच्या तारा जोडलेल्याच ठेवाव्यात, आणि त्या जोडल्या आहेत याची खात्री ज्याने चक्की बांधली त्यानेच रोज करावी.